यजमान शेतकरी : डॉ. पंजाबराव देशमुख आणि दिल्लीचे जागतिक कृषी प्रदर्शन

११ डिसेंबर १९५९ या दिवशी दिल्लीत, पुराना किल्ल्याजवळच्या मथुरा रोडवरील मैदानात जागतिक कृषी प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. समारंभाला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद होते आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर होते. पदावर असताना भारतात आलेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. अमेरिकेच्या दालनाचा आराखडा मिनोरू यामासाकी या वास्तुशिल्पीने केला होता. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पुढे ज्यांनी रचले, तेच हे यामासाकी. सोव्हिएत संघाचेही दालन होते. शीतयुद्धाच्या इतिहासात या प्रदर्शनाचा उल्लेख होतो तो बहुधा याच कारणाने : दोन महासत्तांनी आपापली शेती एका गरीब, नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाच्या राजधानीत शेजारी शेजारी मांडली.

या वर्णनात एक नाव सहसा येत नाही, ते म्हणजे यजमानाचे. हे प्रदर्शन भरवले होते भारत कृषक समाजाने. शेतकऱ्यांना सभासद करून घेणाऱ्या या संघटनेला तेव्हा पाच वर्षेही पुरी झाली नव्हती. तिचे संस्थापक आणि अध्यक्ष होते डॉ. पंजाबराव शामराव देशमुख, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे. वऱ्हाडात त्यांना ‘भाऊसाहेब’ म्हणतात. त्यांच्याविषयी बोलताना आपल्याकडे आधी श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा विषय निघतो, आणि ते योग्यच आहे. दिल्लीच्या प्रदर्शनाचा उल्लेख ओझरता येतो, एखाद्या मानपत्रातल्या ओळीसारखा. मला मात्र असे वाटते की भाऊसाहेबांच्या सार्वजनिक आयुष्याचा धागा याच प्रदर्शनात नीट हाती लागतो. त्यांचे यश तिथे दिसते आणि त्या यशाची मर्यादाही तिथेच दिसते. म्हणून हा लेख.

*

शेतीचे प्रदर्शन ही कल्पना वऱ्हाड-नागपूरला नवी नव्हती. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या पुढाकाराने डिसेंबर १८६५ मध्ये नागपूरला मोठे प्रदर्शन भरले होते. कलाकुसर, कारागिरी आणि शेतमाल असे सगळेच त्यात मांडलेले होते. तो काळ लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेतले यादवी युद्ध त्याच वर्षी संपले होते. युद्धाच्या काळात अमेरिकेचा कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसावर स्थिरावली. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली. या मुलखासाठी खास कॉटन कमिशनर नेमला गेला. त्यामुळे अशा प्रदर्शनांत शेतकऱ्याचा माल मांडला जाई, तपासला जाई, त्याची प्रतवारी होई; पण मांडव सरकारचा असे आणि माल पाहणाऱ्याची गरज वेगळी असे. शेतकरी तिथे असला तर मालाबरोबर आलेला माणूस म्हणून असे.

महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला तो १८८३ मध्ये. त्यात शेतकऱ्याच्या दैन्याचे वर्णन आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातल्या उपायांकडे मात्र तितके लक्ष जात नाही. त्या उपायांत एक सूचना प्रदर्शनांची आहे. सरकारने दरवर्षी श्रावणात प्रदर्शने भरवावीत, आश्विनात पिकांची आणि औत हाकण्याची परीक्षा घ्यावी, चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत आणि तीन वर्षांचा अंदाज पाहून त्यांना पदव्या द्याव्यात, असा तिचा आशय. इथे प्रदर्शनाचा अर्थ बदललेला दिसतो. मालाबरोबरच माणसाची पारख करा, त्याच्या हातातल्या कसबाला पदवी द्या, असे फुले म्हणत होते. विद्येची पदवी आणि शेतीची पदवी त्यांनी एका पंक्तीत बसवली.

तिसरी परंपरा विलायतेतली. स्कॉटलंडची हायलंड सोसायटी १७८४ ची. इंग्लंडच्या कृषी संस्थेची स्थापना १८३८ ची आणि तिचे पहिले प्रदर्शन १८३९ साली ऑक्सफर्डला भरले. या संस्था सभासदांच्या होत्या. प्रदर्शन भरवायचे, बैल-मेंढ्यांना आणि अवजारांना बक्षिसे द्यायची, आणि त्या निमित्ताने शेतीवाल्यांचा एक संघटित आवाज उभा करायचा, ही त्यांची रीत. अर्थात तो आवाज मुख्यतः मोठ्या जमीनदारांचा होता. तरीही मांडव सरकारचा नव्हता, संस्थेचा होता. पंजाबराव ज्या दोन ठिकाणी शिकले ती एडिंबरो आणि ऑक्सफर्ड ही शहरे या परंपरेच्या घरची आहेत. या योगायोगावरून मोठा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. पण भारत कृषक समाजाची घडण पाहताना ही तिन्ही परंपरा डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात.

*

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा. घराणे मूळ कदमांचे, देशमुखी वतनामुळे देशमुख झालेले. वडील शामराव, आई राधाबाई. पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती असे शिक्षणाचे टप्पे ओलांडत ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पोहोचले आणि १९२० मध्ये विलायतेला गेले. एडिंबरोची एम.ए., बॅरिस्टरी, आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर ऑक्सफर्डची डी.फिल. अशी शिदोरी घेऊन १९२६ साली ते परतले. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा वेदांवर प्रबंध लिहितो, ही गोष्ट त्या काळच्या वऱ्हाडात साधी नव्हती. विद्येवरची जुनी मक्तेदारी मोडल्याची ती खूण होती.

परत आल्यावर अमरावतीत वकिली सुरू झाली, आणि एका वर्षाच्या आतच पुढच्या सगळ्या कामाची बीजे पडली. १९२७ मध्ये अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या चळवळीत ते उभे राहिले. त्याच वर्षी त्यांनी आंतरजातीय विवाह केला आणि श्रद्धानंद छात्रालय काढले. शेतकरी संघ स्थापन झाला तोही १९२७ मध्येच. त्याच्या प्रचारासाठी पुढे ‘महाराष्ट्र केसरी’ हे पत्र चालवले गेले. जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षपदी असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. शिक्षण, समता आणि शेतकऱ्यांची संघटना ही तीन कामे त्यांनी वेगवेगळी मानली नाहीत.

१९३० मध्ये ते प्रांतिक कायदेमंडळावर निवडून गेले आणि शिक्षण, शेती वगैरे खात्यांचे मंत्री झाले. वेळ वाईट होती. जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले होते. वऱ्हाडी शेतकऱ्याने भाव चढा असताना काढलेले कर्ज आता पडत्या भावाच्या कापसातून फेडायचे होते. सावकाराच्या वहीतला आकडा तोच राहिला आणि फेडीला लागणारा कापूस वाढत गेला. १९३३ मध्ये मध्य प्रांताने कर्ज तडजोडीचा कायदा केला. ऋणको आणि धनको यांना मंडळापुढे बसवायचे, रक्कम ठरवून कमी करायची, हप्ते बांधून द्यायचे, अशी त्याची पद्धत. या धर्तीचा देशातला हा पहिला कायदा समजला जातो. वऱ्हाडात ‘कर्ज लवाद’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या कायद्याशी पंजाबरावांचे नाव कायमचे जोडले गेले. ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण पुढे प्रदर्शनाचे मूल्यमापन करताना ती लागणार आहे. शेतकऱ्याचे दुखणे फक्त बियाण्यात आणि औतात नसते, ते वहीत आणि बाजारातही असते, हे या माणसाने मंत्री म्हणून पाहिले होते.

*

घटना समितीचे सभासदत्व आणि नंतर १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीनही निवडणुकांत अमरावतीहून लोकसभा, असा पुढचा प्रवास. १९५२ ते १९६२ ही दहा वर्षे ते केंद्र सरकारात मंत्री होते आणि त्यांचे काम शेती व सहकार यांच्याभोवती फिरत होते.

या काळातली त्यांची सर्वांत गाजलेली मोहीम जपानी भातशेतीची. मुंबईजवळ बोरिवलीच्या कोरा केंद्रात या पद्धतीचे प्रयोग झाले होते. १९५३ पासून ती देशभर नेण्याचा प्रयत्न सुरू झाला. गादीवाफ्यावर रोप तयार करायचे, बी कमी वापरायचे, रोपे ओळीत लावायची, मधली कोळपणी करायची, खत भरपूर द्यायचे. यातले काहीच शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे नव्हते. पण ते पाहिल्याशिवाय पटणारे नव्हते. ओळीत लावणी करायची म्हणजे दोरी धरायची, माणसे जास्त लावायची, वेळ जास्त घालवायचा. शेजाऱ्याच्या बांधावर उभे राहून त्याच्या लोंब्या मोजल्याशिवाय हा खर्च कोण करील? त्यामुळे मोहिमेचा कणा भाषणांपेक्षा प्रात्यक्षिकांचा होता. याच सुमारास पीकस्पर्धा होत आणि सर्वाधिक उत्पन्न काढणाऱ्याला ‘कृषिपंडित’ ही पदवी मिळे. सत्तर वर्षांपूर्वी फुल्यांनी मागितलेली पदवी, जवळजवळ त्याच अर्थाने, अखेर शेतकऱ्याच्या नावापुढे लागली.

परंतु सरकारी खात्याने दिलेली पदवी आणि संघटनेतून आलेले बळ यांत फरक असतो. मंत्रालयात बसल्यावर भाऊसाहेबांना तो अधिकच जाणवला असावा. कामगारांच्या संघटना होत्या, व्यापाऱ्यांची आणि कारखानदारांची मंडळे होती. देशातला सर्वांत मोठा वर्ग मात्र दिल्लीत विखुरलेल्या अर्जांच्या रूपानेच पोहोचत होता. ३ एप्रिल १९५५ रोजी भारत कृषक समाजाची स्थापना झाली. पक्षापासून अलिप्त, सभासदांची, राज्यांत आणि जिल्ह्यांत शाखा असलेली अशी तिची रचना ठरली. १९२७ च्या वऱ्हाडातल्या शेतकरी संघाचेच हे देशव्यापी रूप, असे म्हणायला हरकत नाही.

*

आता १९५९ साल. हे साल भारतीय शेतीच्या राजकारणात विलक्षण दाटीचे आहे. जानेवारीत काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला. एप्रिलमध्ये फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञांनी भारताच्या अन्नसंकटावरचा अहवाल दिला. धान्याचे उत्पन्न झपाट्याने वाढले नाही तर पुढची वर्षे कठीण आहेत, असा त्याचा इशारा होता. ऑगस्टमध्ये सहकारी शेतीच्या विरोधातून स्वतंत्र पक्ष जन्माला आला. त्याच महिन्यात अन्नमंत्री अजितप्रसाद जैन पायउतार झाले आणि त्यांच्या जागी मुंबईचे स. का. पाटील आले. म्हणजे जमीन कोणी कसायची, धान्य कुठून आणायचे आणि शेतकऱ्याच्या वतीने कोणी बोलायचे, हे तिन्ही प्रश्न एकाच वर्षी ऐरणीवर आले होते.

अशा वर्षाच्या अखेरीला एका शेतकरी संघटनेने जगातल्या देशांना आपल्या मांडवात बोलावले. या धाडसाकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. आंतरराष्ट्रीय प्रदर्शने सरकारे भरवतात किंवा व्यापारी मंडळे भरवतात. इथे निमंत्रणाखाली नाव होते कृषक समाजाचे. १८६५ च्या नागपूर प्रदर्शनाशी तुलना केली तर पारडे पूर्ण फिरलेले दिसते. तेव्हा शेतकऱ्याचा माल साहेब तपासत होता. आता अमेरिकेची, रशियाची यंत्रे आणि पद्धती मांडलेल्या होत्या आणि त्या तपासत फिरणार होता इथला शेतकरी.

अमेरिकी दालनाचे बोधवाक्य चार शब्दांचे होते : अन्न, कुटुंब, मैत्री, स्वातंत्र्य. उद्घाटनाच्या भाषणात आयसेनहॉवर यांनी हेच चार शब्द उलगडून सांगितले. चौथ्या शब्दाचा रोख कुठे आहे, हे शेजारच्या सोव्हिएत दालनात बसलेल्यांना वेगळे सांगावे लागले नसेल. पाहुण्यांची आपापसातली स्पर्धा होती, आणि यजमानाने ती आपल्या उपयोगाला लावली. दोन्ही महासत्तांना भारतीय शेतकऱ्याचे मन हवे होते. मग दोघांनीही आपले उत्तम ते त्याच्यापुढे आणून ठेवावे. अलिप्ततावादाचे शेतीच्या बांधावरचे रूप म्हणून या प्रदर्शनाकडे पाहता येते.

प्रदर्शन पुढे १९६० च्या आरंभीही चालू होते. भाऊसाहेबांना ६१ वर्षे पूर्ण झाली तो २७ डिसेंबरचा दिवस याच धामधुमीत उजाडला.

*

इथपर्यंतची कथा गौरवाची आहे. पण संशोधकाने पुढच्या मे महिन्यापर्यंत जायला हवे.

४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये स. का. पाटील आणि आयसेनहॉवर यांनी पी.एल. ४८० खालच्या मोठ्या करारावर सह्या केल्या. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ भारताला मिळणार होता. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा तीनच दिवस झाले होते. दिल्लीच्या मांडवात ज्यांनी शेतकऱ्याला ‘जास्त पिकवा’ म्हणून जगाची शेती दाखवली ते विदर्भाचे मराठी नेते, आणि पाच महिन्यांनी परदेशी गव्हाच्या करारावर सही करणारे मुंबईचे मराठी नेते, दोघेही एकाच सरकारात होते.

स. का. पाटलांना दोष देणे सोपे आहे. पण शहरांतल्या रेशन दुकानांत धान्य हवे होते, आणि ते लगेच हवे होते. प्रदर्शनातून बी रुजायला वर्षे लागतात. तरीही या कराराचा शेतीवर झालेला परिणाम टाळून चालणार नाही. बाहेरून स्वस्त गहू येत राहिला की देशातल्या धान्याचा भाव दबतो, आणि सरकारची घाईही कमी होते, ही टीका अर्थतज्ज्ञांनी पुढे वारंवार केली. प्रदर्शनाने शेतकऱ्याला कसे पिकवावे ते दाखवले. पिकवलेल्याला काय भाव मिळेल हे ठरवणारी जागा त्या मांडवाच्या बाहेर होती. आणि हे १९३३ च्या कर्ज लवादाशी नाव जोडले गेलेल्या माणसाला कळत नव्हते, असे मानणे कठीण आहे.

मग कृषक समाज त्या जागेपर्यंत का पोहोचला नाही? मला याचे एक उत्तर संघटनेच्या घडणीत दिसते. ती पक्षातीत होती, पण तिचे अध्यक्ष सत्तेतले मंत्री होते. यामुळे दिल्लीत दारे उघडली, मैदान मिळाले, राष्ट्रपती आले, परदेशी दालने आली. मंत्र्याशिवाय हे प्रदर्शन उभे राहिले नसते. पण सरकारात बसलेल्या अध्यक्षाची संघटना सरकारच्या धान्यधोरणाविरुद्ध रस्त्यावर उतरू शकत नाही. भावाचा प्रश्न घेऊन शेतकरी रस्त्यावर आला तो वीस वर्षांनी, चाकणच्या कांद्यापासून, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेबरोबर. ती संघटना सत्तेच्या बाहेरून बोलत होती. तिला मांडव नको होता, रस्ता हवा होता. या दोन पद्धतींत एक खरी आणि एक खोटी असे नाही. पण १९५९ ची पद्धत कुठे थांबली, हे १९८० च्या आंदोलनाकडे पाहिले की कळते.

*

शेवटची वर्षे. १९६१ मध्ये दिल्लीत आफ्रिका-आशियातल्या देशांची ग्रामीण प्रश्नांवरची परिषद झाली, आणि १९६२ मध्ये कैरोच्या दुसऱ्या परिषदेत आफ्रो-आशियाई ग्रामीण पुनर्रचना संघटना स्थापन झाली. या जुळणीत पंजाबरावांचा वाटा होता. महासत्तांना आपल्या मांडवात बोलावून झाल्यावर ते आता आपल्यासारख्याच देशांकडे वळले होते. १९६२ मध्ये मंत्रिपद संपले. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला, पुढच्या वर्षी विक्रमी धान्य आयात करावे लागले, आणि १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आले. हरित क्रांती म्हणतात ती तिथून दिसू लागली. ती पाहायला ते राहिले नाहीत. ‘शेतकरी नवे स्वीकारत नाही’ हा शहरी समज त्या गव्हाने पार खोटा ठरवला. प्रात्यक्षिके आणि प्रदर्शने यांवर आयुष्य घालवणाऱ्या माणसाचा भरवसा मात्र खरा ठरला. पण त्या क्रांतीला बियाण्याबरोबर हमीभावाचाही आधार लागला, हेही विसरता येत नाही.

दिल्लीच्या त्याच मैदानावर १९७२ मध्ये प्रगती मैदान उभे राहिले. आज तिथे भरणाऱ्या प्रदर्शनांत शेतीचे स्थान किती, ते ज्याने त्याने पाहावे. भाऊसाहेबांचे खरे स्मारक वऱ्हाडातच आहे. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ सुरू झाले. त्याच्या वर्षभर आधी राहुरीचे विद्यापीठ झाले होते, त्याला पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. श्रावणातल्या प्रदर्शनाची आणि शेतकऱ्याच्या पदवीची मागणी करणारा एक, आणि त्या मागणीचा मांडव दिल्लीत घालणारा दुसरा. दोघांची नावे आज शेतीची पदवी देणाऱ्या विद्यापीठांवर आहेत.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, भाऊसाहेबांच्या जयंतीच्या सुमारास, अमरावती-अकोल्याकडे कृषी प्रदर्शने भरतात. कापसाची वेचणी चालू असते, तुरी पिवळ्या पडत असतात. लोक ट्रॅक्टर पाहतात, ठिबकच्या नळ्या हातात घेऊन पाहतात, बियाण्यांची पत्रके घडी करून खिशात ठेवतात. बहुतेक दालने कंपन्यांची असतात. आपल्या मांडवात आपण पाहुणे आहोत की यजमान, हा प्रश्न त्या गर्दीतल्या कोणा शेतकऱ्याच्या मनात आला, तर त्याने १९५९ च्या निमंत्रणाखाली कोणाचे नाव होते ते आठवावे.